छतावरचे वीजकेंद्र आणि आपले गैरसमज



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवत. मोजल्याशिवाय विधान करायचे नाही, हा त्यांचा आग्रह त्यांचे विद्यार्थी आजही आदराने सांगतात. म्हणूनच आजच्यासाठी मी असा विषय निवडला, ज्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि मोजणारे थोडे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये, म्हणजे तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटच्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान मिळते. योजना आल्यापासून गल्लोगल्ली विक्रेते फिरू लागले, सोसायट्यांच्या सभांमध्ये ठराव होऊ लागले. आणि त्याबरोबर दोन प्रकारचे गैरसमज पसरले. एक म्हणतो, हे आपल्याकडे चालायचे नाही. पावसात बंद पडते, छत खराब होते, पैसे वसूल होत नाहीत. दुसरा म्हणतो, एकदा बसवले की जन्मभर वीज फुकट, बिल शून्य, अंधाराची चिंता नाही. पहिल्यामुळे माणूस चांगल्या संधीला मुकतो. दुसऱ्यामुळे त्याची निराशा होते, आणि निराश झालेला एक ग्राहक शेजारच्या दहा जणांना मागे खेचतो.

या दोन्ही गैरसमजांचे मूळ मला एकच दिसते. सौर संच आपण फ्रिज किंवा वॉशिंग मशीनसारखा विकत घेतो : दुकानात किंमत विचारली, हप्ते ठरवले, माणूस येऊन बसवून गेला. प्रत्यक्षात आपण घराच्या छतावर एक छोटे वीजकेंद्र उभारत असतो. वीजकेंद्राच्या मालकाला आपले केंद्र केव्हा चालते, किती चालते, कशाने थांबते आणि तयार झालेली वीज कुठे जाते, हे ठाऊक असावे लागते. एवढे कळले की बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

सुरुवात उन्हापासून करू. ‘जितके ऊन कडक तितकी वीज जास्त’ असे जवळजवळ प्रत्येक जण धरून चालतो. त्यामागे आपला अनुभव आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या गच्च्यांवर आधी आले ते पाणी तापवणारे सौरबंब. तिथे उष्णतेचेच काम असते. वीज देणाऱ्या पॅनेलचे काम वेगळे आहे. त्यातला सिलिकॉन प्रकाशाने जागा होतो. प्रकाशामुळे वीज निर्माण होऊ शकते हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल याने १८३९ मध्ये पाहिले होते; उपयोगी पडेल असा सिलिकॉनचा सौरघट १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांची तो वीज करत असे. आजची बाजारातली पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत.

या घटाला प्रकाश हवा असतो आणि उष्णता त्रास देते. पॅनेलवर लिहिलेली क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्याच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी पत्र्यावरच्या पॅनेलचे तापमान साठ-पासष्ट अंशांवर सहज जाते. हिशोब करा, बारा-चौदा टक्के तिथेच गेले. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळायला जागा ठेवावी. आणि म्हणूनच स्वच्छ आकाशाचा फेब्रुवारी-मार्च पुष्कळदा मे महिन्यापेक्षा चांगली वीज देऊन जातो.

आता पावसाळा. कोकणातला माणूस मला हमखास विचारतो, “आमच्याकडे चार महिने सूर्य दिसत नाही, आम्ही काय करायचे?” प्रश्न रास्त आहे. ढगाळ दिवशी निर्मिती घटते, दाट ढग असतील तर स्वच्छ दिवसाच्या चौथाईवर किंवा त्याच्याही खाली येते. शून्य होत नाही. पण वीजकेंद्राचा हिशोब वर्षाचा असतो. महाराष्ट्रात एक किलोवॉटचा नीट बसवलेला संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट देतो, म्हणजे वर्षाला चौदाशेच्या आसपास. जर्मनीत हाच संच वर्षाला हजारभर युनिट देतो, आणि तरीही त्या देशाने लाखो घरांवर तो बसवला. भरपूर पाऊस पडणाऱ्या केरळात कोची विमानतळ ऑगस्ट २०१५ पासून स्वतःच्या सौर विजेच्या हिशोबावर चालतो. जुलैतले बिल पाहून संच नापास करणे आणि मार्चमधले बिल पाहून नाचणे, दोन्ही चुकीचे. बारा महिन्यांची बेरीज करायची.

ढगापेक्षा अधिक घातक गोष्ट गच्चीवरच असते, ती म्हणजे सावली. लोकांना वाटते, दहा पॅनेलपैकी एकावर थोडी सावली पडली तर दहावा हिस्सा कमी होईल. पॅनेल एकामागे एक साखळीने जोडलेली असतात. मोटेच्या जोडीतला एक बैल अडला की दुसऱ्याचे बळही वाया जाते, तसे या साखळीचे असते. पॅनेलमध्ये अडलेल्या भागाला वळसा घालण्याची सोय असते, तरी सावलीच्या आकाराच्या मानाने नुकसान बरेच मोठे होते.

ही सावली केव्हा मोजायची, हा खरा मुद्दा. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस असतो, शाळेतली मुले तो काठी रोवून पाहतात. त्या दिवसांत दुपारी गच्ची पाहायला आलेल्या माणसाला पाण्याच्या टाकीची सावली दिसतच नाही. तीच टाकी डिसेंबरात पाहा. २२ डिसेंबरच्या आसपास पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो. दहा फूट उंचीच्या टाकीची सावली तेव्हा उत्तरेला नऊ फूट पडते, आणि सकाळी-संध्याकाळी त्याच्या कितीतरी पट लांबते. एका सोसायटीच्या गच्चीवर मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. लिफ्टच्या खोलीच्या उत्तरेला, अगदी तिला लागून पॅनेलची रांग घातली होती. उन्हाळ्यात ती उत्तम चालली. नोव्हेंबरपासून सकाळचे साडेदहा वाजेपर्यंत अर्धी रांग सावलीत. पॅनेल चांगली होती, इन्व्हर्टर चांगला होता, बसवणाऱ्यांचे हातही कसबी होते. आराखडा मात्र एका ऋतूत बसून काढलेला होता. ती रांग आठ-दहा फूट सरकवायला गच्चीत जागा होती, हे पाहून मला फार वाईट वाटले.

आता सर्वांत मोठ्या अपेक्षाभंगाकडे येऊ. घरावर सौर संच आहे, बाहेर लख्ख ऊन आहे, आणि महावितरणची वीज गेली की घरातही अंधार. लोक संतापतात. फसवणूक झाली असे त्यांना वाटते. पण हे बंद पडणे मुद्दाम केलेले असते. वीजवितरणाच्या जाळ्याला (ग्रिडला) जोडलेला इन्व्हर्टर आपला दाब आणि सेकंदाला पन्नास आवर्तनांचा ठेका जाळ्याकडूनच घेतो. जाळे मेले की त्याने काही क्षणांत स्वतःला तोडून घेतले पाहिजे, असा नियम आहे. का? कारण त्याच वेळी तुमच्या गल्लीतल्या खांबावर लाइनमन चढलेला असतो. वीज बंद आहे असे समजून तो तारेला हात घालतो. तुमच्या छतावरून त्या तारेत वीज गेली तर त्याचा जीव जाईल. हा नियम मला अतिशय मोलाचा वाटतो, आणि तो प्रत्येक ग्राहकाला विक्रीच्या आधी समजावून सांगितला पाहिजे.

वीज गेल्यावरही दिवे हवेत, तर बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो महाग पडतो आणि बॅटरी पॅनेलइतकी टिकत नाही. जिथे वीज क्वचित जाते, तिथे त्याची गरज नसते. जिथे रोज जाते, तिथे दिवे, पंखे, फ्रिज एवढाच भार बॅटरीवर ठेवावा. एसी आणि गिझर तिच्यावर लादू नयेत. दवाखान्यात लसी ठेवायच्या असतील तर हा खर्च योग्य आहे. प्रत्येक घराने एकच उत्तर उचलायचे कारण नाही.

बिलाचे गणित थोडे सावकाश पाहू, कारण सर्वाधिक वाद इथे होतात. संच बसल्यावर येणारे मीटर दोन नोंदी ठेवते : जाळ्याकडून किती युनिट घेतली आणि जाळ्याला किती दिली. दुपारी तुम्ही वापरून उरलेली वीज शेजारपाजारच्या घरांना जाते आणि तुमच्या नावे युनिट जमा होतात. संध्याकाळी तुम्ही घेता त्यातून ती वजा होतात. महिन्याअखेर शिल्लक राहिली तर पुढच्या महिन्यात जाते. पण ही खतावणी आर्थिक वर्षाची असते. ३१ मार्चला शिल्लक निकाली निघते आणि उरलेल्या युनिटना नियामक आयोगाने ठरवलेला, घरगुती दरापेक्षा बराच कमी दर मिळतो. म्हणजे हिवाळ्यात पंखे बंद असताना साठवलेली युनिट्स एप्रिलच्या उकाड्यात कामी येत नाहीत. तेव्हा ‘गच्ची मोठी आहे, मोठा संच घ्या, जास्तीची वीज विकून पैसे मिळवा’ हा सल्ला घरगुती ग्राहकाने ऐकू नये. आपल्या वर्षभराच्या वापराएवढा किंवा त्याहून किंचित लहान संच सर्वांत फायद्याचा.

बिल शून्य होते, हेही पूर्ण खरे नाही. स्थिर आकार राहतोच. तुमच्यासाठी खांब, तारा, रोहित्र उभे आहेत त्याचा तो खर्च आहे. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे वापर वाढतो तसा युनिटचा दर चढतो. शंभर युनिटपर्यंत एक टप्पा, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. सौर वीज आधी वरच्या, महागड्या टप्प्यातली युनिट्स कापते. त्यामुळे महिन्याला चारशे युनिट वापरणाऱ्याचे पैसे लवकर वसूल होतात, आणि सत्तर युनिट वापरणाऱ्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला तोच संच तितका परवडत नाही. एक उदाहरण घेऊ. तीन किलोवॉटचा संच दोन लाखांना पडला, ७८,००० अनुदान मिळाले, उरले १,२२,०००. वर्षाला ३,६०० युनिट तुमच्या उपयोगी आली आणि प्रत्येक युनिटमागे आठ रुपये वाचले असे धरले, तर वर्षाला २८,८०० रुपये. सव्वाचार वर्षांच्या आसपास रक्कम वसूल. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरतात. मधे एकदा इन्व्हर्टर बदलावा लागेल, तोही खर्च आजच वहीत लिहून ठेवा. तरीही सौदा चांगलाच आहे. त्याला चांगला ठरवण्यासाठी खोटे बोलण्याची गरज नाही, हेच मला सांगायचे आहे. फक्त सोलर आले म्हणून घरात दोन नवे एसी आले, तर बिल का उतरले नाही हे संचाला विचारू नका.

आता दुकानदार, कारखानदार आणि व्यावसायिक मित्रांसाठी. ‘घरापेक्षा धंद्याला सोलर नक्कीच जास्त फायद्याचे’ असे सरसकट म्हणता येत नाही. घरगुती योजनेचे अनुदान त्यांना मिळत नाही. त्याऐवजी आयकरात पहिल्या वर्षापासून चाळीस टक्क्यांचा घसारा मिळतो, आणि नफ्यातल्या उद्योगाला तो मोठा आधार आहे. पण फायदा ठरतो तो काम केव्हा चालते यावर. दिवसपाळीत चालणारी पिठाची गिरणी, शाळा, बँक, दवाखाना यांना सौर वीज जागेवरच वापरता येते. इचलकरंजीतला रात्रंदिवस चालणारा यंत्रमाग घ्या, त्याला ती निम्म्या वेळेचीच साथ देते. नाशिककडच्या द्राक्षांच्या शीतगृहाला एक वेगळी सोय आहे : दुपारी स्वस्त विजेवर खोली जास्त थंड करून ठेवायची आणि संध्याकाळी यंत्राचे काम कमी करायचे. तिथे थंडावाच साठवणीचे काम करतो.

वेळेला पुढे आणखी महत्त्व येणार आहे. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी वेळेनुसार दर आणले. सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा दहा ते वीस टक्के स्वस्त, मागणीच्या ऐन वेळी तेवढीच किंवा जास्त महाग, असे त्याचे सूत्र आहे. दुपारी देशभरात सौर वीज मुबलक झाली, त्याचा हा परिणाम. जानेवारी २०२५ अखेर देशाची सौर क्षमता शंभर गिगावॉटवर गेली. उद्योजकाने जुन्या दरावर काढलेले दहा वर्षांचे गणित म्हणूनच पुन्हा मांडायला हवे.

उच्चदाब ग्राहकांनी एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रात त्यांचे बिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे मोटारींना लागणाऱ्या चुंबकीय भारासकट होते. छतावरचा संच सहसा नुसती कामाची वीज देतो. चुंबकीय भार जाळ्याकडूनच घेतला जातो. मग मीटरवर पॉवर फॅक्टर, म्हणजे जाळ्याकडून घेतलेल्या विजेतला कामाच्या विजेचा वाटा, घसरलेला दिसतो आणि वाचलेले थोडे पैसे तिकडे जातात. कपॅसिटरची मांडणी बदलून किंवा इन्व्हर्टरची जुळणी करून हे सुधारता येते, पण त्यासाठी ते आधी माहीत असावे लागते. मागणी आकारही जसाच्या तसा राहू शकतो, कारण कारखान्याची सर्वोच्च मागणी सूर्य मावळल्यावर आली तर पॅनेल तिला हात लावू शकत नाही.

छताविषयीची भीती थोडक्यात निकाली काढतो. पॅनेल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला पंधरा-वीस किलो वजन पडते. वापरातल्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून केलेला असतो. भीती वजनाची नको, वाऱ्याची हवी. भारतीय मानकात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर वाऱ्याचा वेग धरायला सांगितला आहे. त्या वेगाला चौरस मीटरवर शंभर किलोहून अधिक दाब येतो. अडीच चौरस मीटरचे, तीस किलोच्या आतले पॅनेल अडीचशे-तीनशे किलोच्या जोराने उचलले जाऊ शकते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या छपरांचे काय झाले हे रायगडकरांना सांगायला नको. म्हणून पातळ पत्र्याचा सांगाडा आणि चार खिळे चालणार नाहीत. आणि कोब्याला भोके पाडून बोल्ट ठोकले की पावसाळ्यात खालच्या घरात गळती ठरलेली. त्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे मांडून त्यावर सांगाडा उभा करावा, आणि ते ठोकळे किती वजनाचे हवेत याचा हिशोब वाऱ्यावरून काढावा.

‘पॅनेल बनवायला लागते तेवढी वीज ते कधी देतच नाही’ असेही कुणी सांगतात. आपल्यासारख्या उन्हाच्या देशात ती एक-दोन वर्षांत परत मिळते. आयुष्य संपलेल्या पॅनेलचा प्रश्न मात्र खरा आहे. त्यात वजनाने बहुतांश काच आणि अ‍ॅल्युमिनियम असते, दोन्ही परत वापरता येतात. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश आहे. नियम कागदावर राहू नयेत यासाठी नागरिकांनी आतापासून लक्ष ठेवले पाहिजे.

देखभाल लागत नाही, हाही समज सोडा. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या परिसरात बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख पॅनेलवर बसते. वीटभट्टी, कच्चा रस्ता, कबुतरे, सगळ्यांची आपापली भर पडते. सकाळी लवकर मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने धुवावे. बोअरचे क्षारयुक्त पाणी काचेवर पांढरा थर सोडते, ते टाळावे. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नये.

शेवटी, काय करायचे ते सांगतो. विक्रेत्याकडून पाच गोष्टी लेखी घ्या : वर्षाला अपेक्षित युनिट, २२ डिसेंबरच्या सावलीचा नकाशा, सांगाडा कोणत्या वाऱ्याच्या वेगासाठी केला तो आकडा, अर्थिंग व वीजरोधकाची मोजणी, आणि पाच वर्षांच्या देखभालीची हमी. जो हे देतो, त्याला चार पैसे जास्त द्या. परवानगीची धास्ती बाळगू नका. २०२४ च्या नियमदुरुस्तीनंतर दहा किलोवॉटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट उरलेली नाही, आणि पाच किलोवॉटपर्यंत तारा-रोहित्र सुधारायचा खर्च वीज कंपनीनेच करायचा आहे. सोसायट्यांना लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्याचा लाभ ज्यांच्या वाट्याला गच्ची नाही त्या वरच्या-खालच्या सगळ्या घरांना मिळतो.

आणि हे एकट्याने करू नका. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाली. ती छोटी वाडी एकत्र बसली, म्हणून हे झाले. आपल्या गावात वायरमन आहेत, निवृत्त अभियंते आहेत, भौतिकशास्त्राचे शिक्षक आहेत, हिशोबात पक्क्या असलेल्या बचत गटाच्या भगिनी आहेत. प्रत्येक प्रभागात यांपैकी चार जणांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. लोकांनी आपली बारा महिन्यांची बिले घेऊन यावीत, आणि त्या चार जणांनी प्रत्येकाला त्याच्या घराचे, त्याच्या गच्चीचे खरे गणित मांडून द्यावे. जिथे संच परवडत नाही तिथे तसे स्पष्ट सांगावे. हे काम विक्रेता करणार नाही, कारण त्याला विकायचे आहे. योजनेच्या जाहिरातीत ते मावणार नाही. ते शेजाऱ्यानेच शेजाऱ्यासाठी करायचे असते. या व्याख्यानमालेने अशी पहिली संध्याकाळ येत्या महिन्यात इथेच ठेवावी, ही माझी विनंती आहे, आणि त्या दिवशी बिले तपासायला मी स्वतः येईन.